लाल डोळा, स्टिरॉइडचे थेंब आणि न दुखणारा दाब

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमधली डोळ्यांची साथ अनेकांना आठवत असेल. आळंदी परिसरात शाळकरी मुलांचे डोळे मोठ्या संख्येने आले आणि पाहता पाहता राज्यभर शाळा, वसतिगृहे, एसटीच्या गाड्या, सगळीकडे काळे चष्मे दिसू लागले. साथ विषाणूची होती. अशी साथ बहुतेकांची आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि थंड पाण्याच्या पट्ट्या एवढ्यावर निभावते. तरीही घरोघरी मेडिकलमधून थेंब आणले गेले. त्यांत ‘अँटिबायोटिक अधिक स्टिरॉइड’ अशा जोडऔषधाच्या बाटल्याही होत्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टिरॉइडचे थेंब घालू नका, असे नेत्रतज्ज्ञ तेव्हा वर्तमानपत्रांतून परोपरीने सांगत होते.

आपल्या रहिमतपूर भागात डोळा लाल व्हायला साथच यावी लागते असे नाही. उसाची पात डोळ्याला लागते, आले काढताना माती उडते, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि ज्वारीचे कुसळ डोळ्यात जाते. उन्हाळ्यात पोरांचे डोळे खाजून खाजून लाल होतात. घरातल्या वडीलधाऱ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झालेली असतात. या प्रत्येक प्रसंगी कुठून तरी थेंबांची एक बाटली हातात येते आणि तिच्यात स्टिरॉइड आहे की नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ते कसे ओळखायचे, त्याने काय होऊ शकते आणि ते खरोखर लागते तेव्हा सुरक्षितपणे कसे वापरायचे, ते पाहू.

आराम कशाने पडतो?

डोळ्याला इजा झाली, जंतू शिरले किंवा ॲलर्जी झाली की शरीर प्रतिकार करते. त्या प्रतिकारातूनच लाली, सूज, पाणी, खाज, ठणका ही लक्षणे दिसतात. स्टिरॉइड हा प्रतिकारच दाबून टाकते. त्यामुळे एक-दोन दिवसांत डोळा पांढरा दिसू लागतो आणि खुपणे थांबते. मात्र स्टिरॉइडने एकही जंतू मरत नाही. आत जंतू असतील तर त्यांना रोखणारा पहारा तेवढा उठतो.

म्हणून आराम पडला यावरून डोळा बरा झाला असे समजू नये. या औषधाची सारी फसगत इथेच आहे. इतर औषधांचा त्रास झाला तर माणूस ती सोडतो. याचा त्रास होत नाही, उलट बरे वाटते, म्हणून माणूस ते पुन्हा पुन्हा आणतो.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट आहे असा मुळीच नाही. कॉर्टिसोनवरच्या कामासाठी १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळाले आणि त्यानंतर नेत्रवैद्यकाचा चेहराच पालटला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची सूज, डोळ्याच्या आतल्या पडद्यांचा दाह म्हणजे युव्हायटिस, नेत्ररोपणानंतर बसवलेले पटल शरीराने नाकारणे, ॲलर्जीचा जोराचा झटका, या ठिकाणी स्टिरॉइडचे थेंब नजर वाचवतात. पण त्याच दशकात हेही ध्यानात आले की हे थेंब दीर्घकाळ घातले तर काहींच्या डोळ्यांचा दाब वाढतो. म्हणजे हा धोका डॉक्टरांना सत्तर वर्षांपासून माहीत आहे. मेडिकलच्या काउंटरवर मात्र तो कुणी बोलत नाही.

बाटली हातात घेऊन काय वाचायचे

बाटलीवरची अक्षरे बारीक आणि इंग्रजीत असतात. स्वतःला वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या किंवा मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहा. कंपनीने दिलेले ठळक नाव सोडून द्या. त्याखाली लहान अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, ते शोधा. पुढचे कोणतेही नाव दिसले तर ते स्टिरॉइड आहे:

- डेक्सामेथासोन
- बीटामेथासोन
- प्रेडनिसोलोन
- फ्लुओरोमेथोलोन
- लोटेप्रेडनॉल
- डायफ्लुप्रेडनेट

खरी गफलत जोडऔषधांत होते. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, गॅटिफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, टोब्रामायसिन, निओमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही अँटिबायोटिके आहेत. त्यांच्या साध्या थेंबांत स्टिरॉइड नसते. पण तीच कंपनी त्याच नावापुढे एखाद-दुसरे इंग्रजी अक्षर जोडून, उदाहरणार्थ ‘डी’ किंवा ‘पी’, स्टिरॉइड मिसळलेली दुसरी बाटली विकते. खोके तसेच, रंग जवळपास तोच. मागच्या वेळी डॉक्टरांनी साधे थेंब दिलेले असतात, आपण दुकानात नुसते नाव सांगतो आणि हातात अक्षर जोडलेली बाटली पडते. त्यामुळे थेंब पुन्हा आणायचे असतील तर तोंडी नाव सांगू नका, चिठ्ठी दाखवा.

काही बाटल्यांवर ‘डोळा आणि कान’ दोन्हींसाठी असे लिहिलेले असते. कानाच्या दुखण्यासाठी आणलेली अशी बाटली पुढे डोळ्यात जाते, हेही घरोघरी घडते. खोक्यावरची उभी लाल रेघ ओळखून ठेवा. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही, अशी ती खूण आहे.

पहिला धोका: डोळ्याचा दाब

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते आणि कडेच्या बारीक जाळीतून झिरपून बाहेर जात असते. न्हाणीघराच्या मोरीची जाळी तुंबली की पाणी साचते, तसे काहींच्या डोळ्यांत स्टिरॉइडमुळे ही जाळी निचरा कमी करते आणि आतला दाब चढतो. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंत असतो. तो वाढून बराच काळ तसाच राहिला तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. यालाच स्टिरॉइडमुळे झालेला काचबिंदू म्हणतात.

डोळ्याचा दाब आणि रक्तदाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाला पट्टा बांधून बीपी नॉर्मल आले म्हणजे डोळ्याचाही दाब ठीक असेल, असे धरून चालू नका.

हा दाब बहुतेक वेळा दुखत नाही. डोळा लाल होत नाही. समोरचे स्पष्ट दिसते, पेपर वाचता येतो, सुईत दोराही ओवता येतो. नजर जाते ती कडेकडेने. बाजूने आलेली मोटारसायकल उशिरा दिसते, उंबऱ्याला पाय अडखळतो, गर्दीत शेजारच्या माणसाला धक्का लागतो. हे जाणवेपर्यंत नसेचा मोठा भाग सुकून गेलेला असतो आणि तो परत आणता येत नाही.

प्रत्येकाचाच दाब वाढतो का? नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्माली आणि बेकर या डॉक्टरांनी निरोगी लोकांना काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब घालून पाहिले. बहुतेकांचा दाब फारसा हलला नाही, सुमारे एक तृतीयांश लोकांचा मध्यम वाढला आणि शंभरातल्या साधारण पाच जणांचा फार वाढला. आपण त्या पाचांत आहोत का, हे थेंब घालण्याआधी कळत नाही. धोका कुणाला जास्त, ते मात्र सांगता येते:

- ज्यांना आधीच काचबिंदू आहे (यांच्यात जवळपास सगळ्यांचाच दाब वाढतो)
- ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे
- ज्यांना मधुमेह किंवा आमवात आहे
- ज्यांच्या चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे
- लहान मुले

दाब साधारण दोन ते सहा आठवड्यांत चढू लागतो. मुलांमध्ये त्याहून लवकरही चढतो. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन आणि डायफ्लुप्रेडनेट यांनी तो अधिक वाढतो, फ्लुओरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल यांनी तुलनेने कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ‘सौम्य स्टिरॉइड आहे, चालतंय’ म्हणून सहा-सहा महिने घालणाऱ्यांनाही काचबिंदू होतो.

दिलासा एवढाच की वेळेत कळले तर थेंब थांबवल्यावर बहुतेकांचा दाब दोन ते चार आठवड्यांत उतरतो. काहींना दाब कमी करणारे थेंब लागतात, थोड्यांना ऑपरेशन. दाब उतरतो, पण तोवर सुकलेली नस पुन्हा हिरवी होत नाही.

दुसरा धोका: अकाली मोतीबिंदू

दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मध्यभागी मोतीबिंदू धरतो. तो वयाची वाट पाहत नाही, दहा-बारा वर्षांच्या मुलालाही होऊ शकतो. भर उन्हात अंधुक दिसणे, रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपणे, जवळचे वाचायला त्रास होणे ही त्याची लक्षणे. ऑपरेशनने नजर परत मिळते. पण शाळकरी वयात डोळ्याचे ऑपरेशन करायचे आणि पुढची सारी वर्षे कृत्रिम भिंगावर काढायची, ही वेळ एका बाटलीपायी कशाला आणायची?

तिसरा धोका: उसाच्या फडातला

काचबिंदू महिन्यांनी येतो. हा धोका मात्र आठवड्यात डोळा घालवू शकतो. कोरेगाव तालुक्यातल्या प्रत्येक ऊस उत्पादकाने आणि तोडणी कामगाराने तो नीट समजून घ्यावा.

उसाच्या पातीची कड करवतीसारखी असते. ती डोळ्याला लागली की बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. पात, पाचट, माती, मळणीचा भुसा यांवर बुरशीचे सूक्ष्म कण असतात आणि ते ओरखड्यात शिरतात. बुरशी हळूहळू वाढते. पहिले दोन-तीन दिवस नुसते खुपते, पाणी येते. माणूस मेडिकलमध्ये जाऊन ‘कचरा गेलाय, थेंब द्या’ म्हणतो. बाटलीत स्टिरॉइड असेल तर दुसऱ्या दिवशी लाली उतरते आणि तो पुन्हा फडात जातो. आत प्रतिकार दबलेला आणि बुरशीला रान मोकळे. चार-सहा दिवसांनी काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, ठणका लागतो, उजेड सोसत नाही. तोवर बुरशी खोल गेलेली असते.

अशा वेळी नेत्रतज्ज्ञ बुबुळ किंचित खरवडून नमुना तपासतात आणि बुरशीविरोधी नॅटामायसिनसारखे थेंब कित्येक आठवडे घालावे लागतात. बुबुळाला भोक पडू शकते. जखम भरली तरी मागे पांढरे फूल उरते आणि ते मध्यावर असेल तर नेत्ररोपणावाचून नजर येत नाही.

हर्पिसच्या विषाणूचेही तसेच. तापात ओठांवर पुटकुळ्या आणणारा हा विषाणू बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम करतो. वरवर पाहता ते साधे डोळे आल्यासारखेच वाटते. त्यावर नुसते स्टिरॉइड घातले की जखम पसरत जाते. हा फरक उघड्या डोळ्यांनी दुकानदाराला कळत नाही. नातेवाइकांना तर नाहीच नाही. त्यासाठी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात यंत्राखाली पाहावे लागते.

म्हणून शेतात डोळ्याला काही लागले तर:

१. डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा.
२. पदराच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने कणी काढू देऊ नका. बुबुळात रुतलेली कणी डॉक्टरांनीच काढायची.
३. मध, तूप, अंगावरचे दूध, घरातले जुने थेंब, काहीही घालू नका.
४. धुतल्यानंतरही खुपत राहिले, अंधुक दिसू लागले किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.
५. ‘उसाची पात लागली’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या एका वाक्यावर उपचाराची दिशा ठरते.

तोडणीला आणि मळणीला बसताना साधा पारदर्शक गॉगल घातला तर यातले बरेचसे टळते. घामाने काच धुरकटते ही तक्रार खरी आहे. पण घामेजलेली काच पुसता येते.

पोरांची उन्हाळी खाज

पाच ते पंधरा वयाच्या मुलांत, त्यातही मुलग्यांत, डोळ्यांची एक हट्टी ॲलर्जी आढळते. उन्हाळा लागला की डोळे सारखे खाजतात, दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो, पांढरा भाग मळकट दिसतो, मूल उजेडात डोळे मिटून घेते. स्टिरॉइडच्या थेंबांनी ती जादूसारखी थांबते आणि बंद केले की पुन्हा येते. मग दर महिन्याला बाटली आणली जाते. पहिली चिठ्ठी डॉक्टरांची असते, पुढच्या बाटल्या चिठ्ठीविना. दोन-तीन वर्षे असे चालते. मूल वर्गात पहिल्या बाकावर बसूनही फळा दिसत नाही म्हणते, तेव्हा एका डोळ्याची नस सुकून गेल्याचे कळते. मुलांमधला स्टिरॉइडचा काचबिंदू देशभरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत येत राहतो आणि त्यामागे बहुधा हीच ॲलर्जी असते.

हा आजार बहुतेक मुलांत वयात येताना आपोआप कमी होतो. म्हणजे काही वर्षे डोळे जपून काढणे एवढेच काम असते. त्यासाठी थंड पाण्याच्या पट्ट्या, उन्हात टोपी आणि गॉगल, कृत्रिम अश्रूंचे थेंब, ऑलोपॅटॅडिनसारखे ॲलर्जीविरोधी थेंब हे रोजचे उपाय आहेत. आजार जोरात असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही स्टिरॉइड नसलेली औषधे नेत्रतज्ज्ञ देऊ शकतात. स्टिरॉइड लागलेच तर ते थोड्या दिवसांपुरते, झटका मोडण्यासाठी. मुलाला डोळे चोळू देऊ नका. सततच्या चोळण्याने बुबुळ पातळ होऊन पुढे शंकूसारखे येऊ शकते.

मुलाचे स्टिरॉइडचे थेंब दोन आठवड्यांहून जास्त चालू असतील तर डोळ्याचा दाब मोजून घ्या. हवेची फुंकर मारणारे यंत्र किंवा बुबुळाला क्षणभर हलकेच टेकणारे यंत्र वापरून तो मोजतात. दुखत नाही. फार लहान मूल सहकार्य करत नसेल तर ते कसे करायचे, हे डॉक्टर ठरवतात.

ऑपरेशननंतरचे थेंब मात्र सोडू नका

हा लेख वाचून कुणी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची बाटली फेकून देऊ नये. तिथे स्टिरॉइड गरजेचे असते. साधारण चार ते सहा आठवडे, पहिल्या आठवड्यात जास्त वेळा आणि मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत ते घालायचे असते. मध्येच एकदम बंद केले तर सूज उलटून येते. चिठ्ठीवरचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक थेंबाला खूण करा.

शिबिरातून ऑपरेशन करून आलेल्यांची अडचण वेगळी असते. फेरतपासणीची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, थेंब संपले की दुकानातून पुन्हा आणले जातात आणि सहा आठवड्यांचे सहा महिने होतात. ठरलेला कोर्स संपला की बाटली टाकून द्यायची. तीच नातवाच्या खाजणाऱ्या डोळ्यात घालणे हा तर सर्वांत वाईट वापर. ऑपरेशननंतर ठणका वाढला, नजर कमी झाली किंवा पू दिसला तर फेरतपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

किरकोळ आणि कमी बोलले जाणारे त्रास

थेंब घातल्यावर क्षणभर चुरचुरणे, थोडा वेळ अंधुक दिसणे, घशात कडू चव येणे हे साधे आहे, घाबरू नका. दीर्घ वापरात जखम भरायला उशीर लागतो, बुबुळ पातळ होते, क्वचित पापणी किंचित खाली येते. तान्ह्या आणि लहान मुलांत थेंबांतले औषध नाकात उतरून अंगात भिनते आणि वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांच्याबाबत अधिक जपावे.

डोळ्याचा दाब केवळ थेंबांनी वाढतो असेही नाही. स्टिरॉइड असलेला दम्याचा पंप किंवा नाकातला स्प्रे, सांधेदुखीवरच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, चेहरा उजळण्यासाठी पापण्यांपर्यंत चोपडलेली स्टिरॉइडची मलमे यांनीही वाढू शकतो. दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका, तो जीव वाचवतो. डोळे तपासायला गेलात की यांतले काय काय चालू आहे, ते तेवढे सांगा.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

विचारायला संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील असे वाटते. तरी विचारा:

१. या बाटलीत स्टिरॉइड आहे का?
२. दिवसातून किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत घालायचे?
३. थांबवताना हळूहळू कमी करायचे की एकदम?
४. दाब तपासायला पुन्हा कधी येऊ?
५. कोणते लक्षण दिसले तर तारखेआधी यायचे?

घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते न विचारता सांगा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त थेंब चालणार असतील तर सुरुवातीला एकदा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दाब मोजलेला बरा. मोजलेला आकडा चिठ्ठीवर तारखेसह लिहून मागा.

थेंब घालण्याची रीत

हात साबणाने धुवा. बाटलीवर ‘हलवून वापरा’ असे असेल तर नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी बसते. मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढा आणि तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडा. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते, दुसरा गालावर ओघळतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध घशात कमी उतरते. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. बाटलीचे टोक पापणीला लावू नका. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा आणि महिन्याभराने, औषध उरले असले तरी, टाकून द्या.

महिनोन्महिने घालत असाल तर

चिठ्ठीशिवाय दोन-तीन दिवसांपूर्वी सुरू केले असतील तर थांबवा आणि डोळा दाखवा. कित्येक आठवडे किंवा महिने चालू असतील तर आपल्या मनाने एकदम तोडू नका, पण तपासणीही पुढे ढकलू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि बाटली सोबत न्या. किती दिवस घातले ते खरे सांगा. डॉक्टर दाब मोजतील, आतली नस पाहतील आणि गरज पडली तर कडेच्या नजरेची चाचणी करतील.

रहिमतपुरातून साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय जवळ आहे. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आपले स्टेशन असल्याने मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्याचे ससून हेही आवाक्यात आहेत. सरकारी रुग्णालयात जाताना आधार कार्ड, जुनी चिठ्ठी आणि वापरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन जा. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटले तर रुग्णालाही तो स्वतः कळवता येतो. केंद्र सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

शेवटी औषध दुकानदारांना एक विनंती. गिऱ्हाईक परत पाठवणे गावात अवघड असते, ओळख असते, उधारी असते. तरी लाल डोळ्याला चिठ्ठीविना स्टिरॉइड देऊ नका आणि तीच बाटली तिसऱ्यांदा मागणाऱ्याला ‘दाब तपासला का?’ एवढे विचारा. वाचकांनीही दुकानदाराने नकार दिला तर त्याच्यावर रागावू नये. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. डोळ्याचा दाब मोजायला मात्र पाच मिनिटे पुरतात.